भाव पडतो, आकडा पडत नाही

आळेफाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक पुण्याहून नाशिकला जातो. दुसरा कल्याणहून येतो, माळशेज घाट चढतो आणि नगरकडे निघून जातो. या नगरच्या रस्त्याने आणे घाट ओलांडला की पुढे पारनेर तालुका लागतो. १८७५ च्या उन्हाळ्यात या पारनेरात, दक्षिणेला शिरूरमध्ये, त्याच्या खाली भीमथडीत आणि इंदापुरात शेतकरी जमावाने सावकारांच्या दारात गेले. त्यांनी पैसे मागितले नाहीत. कर्जाची खतं मागितली, आणि हातात आली तिथे जाळून टाकली.

शाळेच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दोन-तीन ओळी असतात. सावकारांनी पिळलं, शेतकरी चिडले, सरकारने कायदा केला. परीक्षेला तेवढं पुरतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर माझं काम नोंदींशी असतं. कोणाच्या खात्यावर काय आहे, दोन नोंदी जुळत नसतील तर खरी कोणती धरायची, नोंद बदलायचा अधिकार कोणाला. त्यामुळे या दंग्यांबद्दल वाचताना माझं लक्ष आधी त्या कागदांकडे गेलं. सावकाराचं खत म्हणजे एकच प्रत, बॅकअप नाही. ते जळलं की कर्जाचा पुरावा संपला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना ही गोष्ट नेमकी कळलेली होती.

पण सावकार काही १८७५ साली उगवला नव्हता. पिढ्यानपिढ्या तो गावात होता, लोक त्याच्याकडून उचल घेत होते, देत होते, भांडत होते. मग त्याच वर्षी, एवढ्या मुलखात, एकदम वह्या जाळायची वेळ का आली? याचं उत्तर शोधत गेलं की आपण शिरूरहून मुंबईला, मुंबईहून इंग्लंडच्या गिरण्यांत आणि तिथून थेट अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांत पोहोचतो. ही मुळात एका मंदीची गोष्ट आहे. आणि मंदीची गोष्ट तेजीपासूनच सांगावी लागते.

युद्ध तिकडे, पैसा इकडे

१८६० च्या आसपास इंग्लंडच्या कापड गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. तो गुलामांच्या श्रमावर पिकायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली. १८६१ मध्ये अमेरिकेहून इंग्लंडला २० लाखांहून जास्त गासड्या गेल्या होत्या. १८६२ मध्ये गेल्या फक्त ५५,०००. गिरण्या बंद पडायला लागल्या.

मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. १८६२ मध्ये इंग्लंडला पोहोचलेल्या कापसापैकी बहुतेक आपल्याकडचा होता. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला माल मुंबई बंदरातून निघत होता आणि भाव काही पटींनी चढला होता. मुंबईचे निर्यातदार शहरातल्या पेढ्यांना पैसे देत, पेढ्या तालुक्याच्या सावकाराला, आणि तालुक्याचा सावकार गावातल्या वाण्याला. शेवटी तो पैसा शेतकऱ्याच्या दारात यायचा. दख्खनच्या गावांत कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपये आगाऊ मिळत होते, अशी नोंद आहे. कालपर्यंत दहा रुपयांसाठी ताटकळत ठेवणारा सावकार आता ‘घ्या की अजून’ म्हणत होता.

शिरूर, भीमथडी, पारनेर हा काही मुख्य कापसाचा पट्टा नाही. हा ज्वारी-बाजरीचा, कमी पावसाचा मुलूख. आज आमच्याकडे कुकडीचं पाणी आहे, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं आहेत. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तरीही तेजी इथे पोहोचली. कापसाखालची जमीन वाढली की धान्याखालची कमी होते आणि धान्याचा भाव चढतो. गाडीवानांना भाडी मिळत होती. त्यात रेल्वेची कामं चालू होती. एकट्या बोरघाटाच्या कामावर एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर राबत होते. रोख मजुरी गावोगाव येत होती. बैल घ्या, विहीर खणा, लग्न जरा मोठं करा, खत लिहून द्या. त्या दिवसांत हे सगळं रास्तच वाटत होतं. पुढचं वर्षही असंच जाणार, असं सगळेच धरून चालले होते.

मुंबईचा फुगा

मुंबईत तर लोकांना वेड लागलं होतं. युद्धाच्या चार-पाच वर्षांत कापसाच्या नेहमीच्या किमतीच्या वर शहरात सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे आले, असा त्या काळचा अंदाज आहे. एवढा पैसा जिरवायला धंदे कुठून आणणार? मग कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका होत्या. जॉइंट स्टॉक कंपन्या ६२ होत्या, दहा वर्षांपूर्वी त्यातली एकही नव्हती. समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या पुढे गेला. अजून जमीन समुद्राखालीच होती.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद नावाचे व्यापारी होते. त्यांच्या चिठ्ठीवर बँका कर्ज देत, ते कर्ज शेअर तारण ठेवून मिळे, आणि त्या पैशातून पुन्हा शेअर घेतले जात. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा यात उतरली. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्याच देणगीतून उभा राहिला. त्याला त्यांच्या आईचं नाव आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपणार हे दिसताच कापसाचा भाव कोसळला. मुंबईत मुदतीच्या सौद्यांचा निकाल १ जुलै १८६५ ला लागायचा होता. त्या दिवशी कुणाकडेच द्यायला पैसे नव्हते. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बँक बुडाली. बॅकबेही बुडाली.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. मुंबईतल्या दिवाळखोर व्यापाऱ्यांच्या देण्या-घेण्याचा निकाल लावण्यासाठी सरकारने खास कायदा केला. कोणत्या साली? १८६५ मध्येच. ज्या वर्षी फुगा फुटला त्याच वर्षी.

घाटावर मंदी सावकाश येते

शेअर एका दिवसात पडतो. ज्वारी तशी पडत नाही. घाटावर मंदी यायला काही वर्षं लागली, आणि ती एका बाजूने आली नाही.

पहिली बाजू रोजगाराची. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. बांधकाम संपलं तशी मजुरी संपली. रेल्वे सुरू झाल्यावर लांब पल्ल्याच्या बैलगाड्यांचं भाडंही गेलं.

दुसरी बाजू उधारीची. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आल्यावर मुंबईच्या निर्यातदारांना आपल्या मालाची घाई उरली नाही. त्यांनी पेढ्यांचा हात आखडला, पेढ्यांनी तालुक्याच्या सावकाराचा, आणि त्याने गावच्या वाण्याचा. ज्या वाटेने पैसा खाली आला होता त्याच वाटेने वसुलीचा तगादा खाली आला. गावातला वाणी स्वतःही कुणाचा तरी ऋणकोच होता.

तिसरी बाजू भावाची. १८७० नंतर धान्याचे भाव उतरत गेले. १८७३ मध्ये जगातही मंदी सुरू झाली. मे महिन्यात व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला, सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली जे कुक ही बडी पेढी बुडाली. पुढची कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेत भाव पडत राहिले. १९२९ ची महामंदी येईपर्यंत लोक याच काळाला महामंदी म्हणत.

चौथी बाजू सरकारची, आणि मला सगळ्यात जास्त बोचते ती हीच. रयतवारीत सारा एकदा ठरला की ३० वर्षांसाठी कायम असायचा. इंदापूरची बांधणी १८३६ मधली, त्यामुळे १८६६ मध्ये फेरमोजणीची वेळ आली. म्हणजे नेमकी तेजीच्या शेपटाला. चढलेले भाव समोर ठेवून पुढच्या ३० वर्षांचा सारा ठरवला गेला. इंदापूरनंतर भीमथडी, हवेली असं हे काम पुढे सरकत गेलं. वाढ ५० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत होती, काही गावांत त्याहूनही जास्त. नवे दर लागू होईपर्यंत तेजी संपली होती.

आता हे चारही एकत्र करून पाहा. एक सोपं उदाहरण घेऊ, आकडे मी हिशोबासाठी मानलेले आहेत. तेजीत ज्वारी मणाला दोन रुपये होती तेव्हा तुम्ही १०० रुपये कर्ज घेतलं. म्हणजे तुमच्या डोक्यावर ५० मण ज्वारी होती. भाव एक रुपयावर आला. खतावर अजूनही १०० रुपयेच लिहिलेत, पण ते फेडायला आता १०० मण लागतील. तुम्ही एक पैसाही नवा घेतला नाही आणि कर्ज दुप्पट झालं. साऱ्याचंही तेच. मंदी म्हणजे ‘भाव पडले’ एवढंच आपण ऐकतो. पण सगळे आकडे एकत्र पडले असते तर कुणाचं फारसं बिघडलं नसतं. बिघडतं ते यामुळे की पिकाचा भाव पडतो आणि कागदावर लिहिलेला आकडा जागचा हलत नाही.

नवं-जुनं

प्रत्यक्षात तो आकडा नुसता जागेवर थांबला नाही, तो वाढत गेला. त्याचं कारण एक कायदा होता, आणि तो रयतेच्या भल्यासाठी केला असं म्हटलं जात होतं.

आपल्याकडे दामदुपट नावाचा जुना नियम होता. व्याज कितीही थकलं तरी ते मुद्दलाहून जास्त होता कामा नये. १०० रुपये घेतले तर एकूण देणं २०० च्या वर जाणार नाही. हा रिवाज पंचायतीत पाळला जायचा, आणि न पाळणाऱ्या सावकाराला गावात राहायचं असायचं.

इंग्रजांनी १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आणला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नंतर ते खत चालणार नाही. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकारांनी त्यातून सोपी वाट काढली. तीन वर्षं भरायच्या आत शेतकऱ्याला बोलवायचं, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्या बेरजेचं नवं खत लिहून घ्यायचं. पुन्हा हिशोबापुरतं मानू: वर्षाला २५ टक्के सरळव्याज. १०० चे तीन वर्षांनी १७५. नवं खत १७५ चं. आणखी तीन वर्षांनी ते ३०६ चं. नऊ वर्षांनी ५३६ चं. दामदुपटीने जे २०० वर थांबलं असतं ते ५३६ वर गेलं, आणि प्रत्येक खत कायदेशीर. पुढे चौकशीत १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून जास्त व्याज लावल्याचंही प्रकरण समोर आलं.

नव्या दिवाणी कोर्टात न्यायाधीश खत पाहायचा. खाली अंगठा आहे, रक्कम लिहिलेली आहे, संपलं. आत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कधी वाचता आलं होतं का, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. त्यात उधारीवर घेतलेलं कापड आणि धान्य रोखीच्या दरापेक्षा २५ ते ५० टक्के महाग पडायचं. तशी तक्रार नगर जिल्ह्यातल्या मिरजगावहून कलेक्टरकडे गेली होती.

आमच्या भागात या प्रकाराला आजही शब्द आहे: नवं-जुनं. सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते. म्हणून मार्च संपता संपता गावोगाव एकच धावपळ असते. कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, लगेच नवं कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि उचललेले परत करायचे. मुद्दल तिथेच राहतं, तारीख फक्त बदलते. आमच्या घरी अण्णा हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. मला नोकरी लागल्यापासून ते आठ दिवसांचे पैसे पुण्याहून जातात, बाहेरच्या माणसाकडे हात पसरावा लागत नाही. आजचं नवं-जुनं १८७० च्या मानाने कितीतरी सुसह्य आहे, व्याज फुगत नाही, अंगठ्याखाली काय आहे ते वाचता येतं. पण ‘फेडलं’ आणि ‘फिरवलं’ यांत काय फरक असतो, हे मला त्या एका शब्दाने शिकवलं.

करडे ते सुपे

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातलं करडे गाव. बाबासाहेब देशमुख नावाच्या तिथल्या वजनदार कुणब्यावर काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे १५० रुपयांची डिक्री मिळवली, घर ताब्यात घेतलं आणि पाडलं. गावाच्या डोळ्यांदेखत. एरवी असं होत नसे. सावकार घर घेतला तरी भाड्याने राहू देत असे, कारण त्यालाही कूळ टिकवायचं असे.

गावाने बहिष्कार घातला. सावकाराच्या शेतात कुणी राबायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, कुणी पाणी भरायचं नाही. हा बहिष्कार आजूबाजूच्या गावांत पसरला. त्यातच सरकारने सवलत म्हणून हुकूम काढला होता: साऱ्याच्या थकबाकीसाठी आधी जंगम मालमत्ता विका, जमिनीला शेवटी हात लावा. पण सावकार शेतकऱ्याचा सारा भरायचा तो जमीन तारण आहे या भरवशावर. सरकारच जमीन विकणार नसेल तर आपण कशाला भरा, असं म्हणून अनेकांनी त्या हंगामात सारा भरायला नकार दिला. मदतीच्या हुकमाने उधारी उलट आटली.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. हे पारनेरचं सुपे नव्हे, भीमथडी तालुक्यातलं, आज बारामतीत असलेलं. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली, धान्य-कापडाची दुकानं लुटली, घर पेटवलं. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या ३० हून जास्त गावांत गेलं. पुण्याहून लष्कर आलं, गावोगाव पोलीस चौक्या बसल्या. ९५१ माणसं पकडली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

चौकशी आयोगाने नंतर जे नोंदवलं ते विलक्षण आहे. जमावाला हवे होते ते खतं आणि डिक्र्या. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी पुढे काही झालं नाही. जिथे त्याने नकार दिला तिथे मारहाण आणि जाळपोळ झाली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. काही गावांत ब्राह्मण सावकारही त्याच प्रकारे व्याज घेत होते, त्यांना हात लागला नाही. बाहेरून आलेला, गावात नातं नसलेला माणूस सोपा सापडला. मुंबईची पेढी शेतकऱ्याने कधी पाहिली नव्हती, लँकेशायरची गिरणी तर नाहीच. साखळीत जो शेवटचा, ज्याचं दार माहीत होतं, त्याच्या दारात लोक गेले. नील चार्ल्सवर्थसारख्या इतिहासकाराने पुढे दाखवलं की या दंग्यांचं प्रत्यक्ष स्वरूप त्यांच्या नंतरच्या गाजावाज्यापेक्षा लहान होतं. तेही खरं. तीस गावं म्हणजे काही अख्खं दख्खन नव्हे. पण सरकारला १८५७ ताजं होतं. घाबरायला तीस गावं पुरली.

दोष कोणाचा ठरला

आयोग बसला. १८७६ मध्ये अहवाल आला, १८७८ मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटसमोर गेला. वाढवलेला सारा हे दंग्याचं कारण होतं का, हे पाहायला त्याला खास सांगितलं होतं. आयोगाचा निष्कर्ष असा की सारा कारण नाही, सावकार आहे. सदस्यांपैकी ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र पुणे जिल्ह्यातल्या फेरमोजणीवर वेगळं, कडक टिपण लिहिलं. पुण्याची सार्वजनिक सभा तर दंग्यांच्या आधीपासून वाढीव साऱ्याबद्दल अहवाल काढत होती. पण सरकारने सरकारला तपासलं की असाच निकाल लागतो. आपल्या शाळेच्या पुस्तकातली ‘सावकारांनी पिळलं’ ही ओळ थेट त्या अहवालातून चालत आली आहे. ती खोटी नाही, अर्धी आहे.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. आधीच वाकलेला माणूस त्यात मोडला. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर, त्याच मुलखात. आणि १८७९ च्या शेवटी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा लागू झाला: पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना.

कायदा चांगला होता. कोर्टाने नुसतं खत पाहायचं नाही, त्यामागचा सगळा हिशोब उकरायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. हप्ते बांधून द्यायचे. खत गावच्या निबंधकापुढे, वाचून दाखवून लिहायचं. सुप्याच्या लोकांनी जाळून जे सांगितलं तेच हा कायदा शाईने सांगत होता: तुमच्या नोंदीवर आमचा विश्वास नाही, तपासा.

मुंबईच्या सटोडियांसाठी कायदा आला तो बाजार पडला त्याच वर्षी. शेतकऱ्यासाठी आला १४ वर्षांनी, दंगे, ९५१ अटका, एक दुष्काळ आणि एक बंड झाल्यावर. मधल्या काळात जमिनी गेल्या त्या गेल्याच. शिवाय सावकारांनी नव्या कायद्यावरही उपाय शोधला: कर्जखत नको, विक्रीचाच कागद करून द्या, फेडलंत की परत करू. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, त्यात सावकाराबरोबर कोर्ट-कचेरी आणि सारा ठरवणारं सरकारही आहे. आयोगाने जे अर्धं सोडलं ते तिथे सापडतं.

पुन्हा, आणि पुन्हा

१९२९ नंतर हेच घडलं. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सारा, खंड, कर्ज तेवढंच राहिलं. १९३१ नंतर देशातून सोन्याचा लोंढा बाहेर गेला. त्यात गावोगावच्या बायकांचे मोडलेले दागिने होते. मुंबई प्रांतात शेतकरी कर्जदारांसाठी नवा कायदा झाला तो १९३९ मध्ये. मंदीला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आणि आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे फोटो देशभरच्या बातम्यांत झळकले. दोन-अडीच महिन्यांत भाव कोसळला. त्या तेजीत कुणी ठिबक बदललं, कुणी ट्रॅक्टरला हप्ता बांधला. कांद्याचं तर सरकारनेच केलं: ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. चाळीतला कांदा फाट्यावरच्या लिलावात नेऊन हमाली-तोलाई वजा होऊन जी पट्टी हातात येते, ती दर वेळी वेगळी असते. ट्रॅक्टरचा हप्ता दर महिन्याला तोच असतो.

२००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या. २०१९ च्या योजनेला तर महात्मा फुल्यांचंच नाव आहे. शहरातले माझे सहकारी यावर चिडतात, ‘आमचे कर बुडाले’ म्हणतात. त्यांना मी १ जुलै १८६५ ची गोष्ट सांगतो. कर्जाचा आकडा पुन्हा लिहिला जाणं ही नवी गोष्ट नाही, प्रत्येक मोठ्या मंदीत तो लिहिला जातोच. फरक असतो तो कोणाचा आधी लिहिला जातो यात, आणि तोवर कोणाचं घर पाडलं जातं यात.

हे फक्त शेतकऱ्यांचं आहे असंही समजू नका. आमच्या क्षेत्रात पगारवाढीच्या वर्षांत लोकांनी वीस-वीस वर्षांचे घराचे हप्ते बांधून घेतलेत. हप्ता ठरला तेव्हाचा पगार हा तेजीतला भाव आहे, आणि बँकेशी झालेला करार हे खत. नोकरकपातीच्या बातम्या आल्या की ऑफिसच्या कँटीनमध्ये जी शांतता पसरते, ती त्या दोन आकड्यांमधल्या अंतराची असते.

म्हणून पुढच्या वेळी ‘मंदी येतेय’ असं कुणी म्हणालं तर शेअरचा आलेख नंतर पाहा. आधी आपल्या आणि आपल्या घरच्यांच्या नावावरचे आकडे एका कागदावर काढा: कोणता आकडा बाजाराबरोबर खाली येतो आणि कोणता तेजीत ठरला असून आता हलणार नाही. जे हलणार नाहीत त्यांची बेरीज करा. करड्याच्या देशमुखांची बेरीज १५० रुपये होती.